फुलीचा टाका आणि फुरसतीची घटका

जुन्या वळणाच्या मराठी घरांत बैठकीच्या भिंतीवर एक तसबीर हटकून आढळे. कांचेमागें पांढऱ्या दोसुतीवर भरलेली पोपटांची जोडी, मध्यें फुलांची परडी, वरच्या अंगास ‘सुस्वागतम्’ हीं अक्षरें आणि कोपऱ्यांत भरणारीच्या नांवाचीं आद्याक्षरें. पानांच्या कडा पायऱ्यापायऱ्यांच्या दिसत, पोपटाची चोंच किंचित् चौकोनी भासे. कारण तें सारें चित्र एकाच टाक्याचें बनलेलें असे. तो टाका म्हणजे फुलीचा टाका. शाळेंत शिवणाच्या तासाला ‘क्रॉस स्टिच’ ह्या नांवानें ज्याची ओळख होते, तोच हा. मधल्या एकदोन पिढ्यांत ह्या तसबिरी भिंतीवरून उतरून माळ्यावर गेल्या, आणि दोसुतीचे उरलेले तुकडे ट्रंकेच्या तळाशीं पडून राहिले. परंतु अलीकडे ह्या टाक्यानें पुन्हां घरांत पाऊल टाकलें आहे. २०२० सालीं महामारीच्या भयानें साऱ्या जगास दारें लावून बसावें लागलें, तेव्हां ज्या ज्या घरगुती उद्योगांची लोकांस नव्यानें आठवण झाली, त्यांत सुईदोऱ्याचाही समावेश होता. महामारी ओसरली, अनेकांच्या हातांतली सुई मात्र राहिली.

हा केवळ आवडीनिवडीचा एक फेरा आहे, असें म्हणून हा विषय सोडून देतां येईल. आम्हांस तसें वाटत नाहीं. ज्या कलेस आपल्या आज्या कामांत जमा करीत, तीच कला त्यांच्या नातींस विसावा कां वाटावी, हा प्रश्न विचार करण्याजोगा आहे. त्याचें उत्तर शोधूं गेल्यास टाक्याबरोबरच घरांतील फुरसतीच्या वांटणीचाही विचार करावा लागतो. आणि तो करण्याचें कोणत्याही शहाण्या कुटुंबानें टाळूं नये.

प्रथम टाक्याचें स्वरूप पाहूं. भरतकामांतील बहुतेक टाक्यांस हाताचें वळण लागतें. सांखळीचा टाका एकसारखा येण्यास, किंवा पाकळी सुबक भरून निघण्यास, पुष्कळ सराव हवा. फुलीच्या टाक्याचें तसें नाहीं. कापडाच्या विणीनेंच त्याचीं घरें आंखून दिलेलीं असतात. एका घराच्या डाव्या खालच्या कोपऱ्यांतून उजव्या वरच्या कोपऱ्याकडे एक तिरपा टाका, आणि त्यास छेदून जाणारा दुसरा; झाली फुली. शेजारच्या घरांत तेंच. ठिपक्यांची रांगोळी काढणाऱ्या आपल्या भगिनींस ह्यांतील मर्म सांगावयास नको. ठिपके बरोबर मोजले म्हणजे रांगोळी चुकत नाहीं, तसेंच घरें बरोबर मोजलीं म्हणजे चित्र चुकत नाहीं. ‘मला चित्रकला येत नाहीं’ ही सबब येथें चालत नाहीं. ज्यास दहापर्यंत आंकडे मोजतां येतात, त्यास हा टाका येतो.

ह्या सोपेपणामुळेंच हा टाका जगभर पसरला. युक्रेनमधील सदऱ्यांच्या बाह्यांवर तांबड्याकाळ्या फुल्यांचे पट्टे असतात. पॅलेस्टाइनमधील खेड्यांतल्या स्त्रियांच्या अंगरख्यांवर ह्याच टाक्याची दाट नक्षी असते, आणि २०२१ सालीं युनेस्कोनें त्या भरतकामाची मानवजातीच्या अमूर्त वारशांत नोंद केली. इंग्लंडांत टाक्यांचे व नक्षीचे नमुने एका कापडावर भरून ठेवण्याची चाल होती. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट संग्रहालयांत जेन बॉस्टॉक हिनें १५९८ सालीं भरलेला नमुना आहे. ब्रिटनमधील साल घातलेल्या नमुन्यांत तो सर्वांत जुना समजला जातो. ॲलिस ली नांवाच्या एका मुलीच्या जन्माची नोंद त्यांत अक्षरांनीं भरलेली आहे. पुढें एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं बर्लिन शहरांत चौकटीच्या कागदावर रंगवलेले नमुने विक्रीस आले, आणि लोंकरीचे धागे घेऊन घरोघर फुलें व पक्षी भरण्याचें वेड युरोपभर पसरलें. एक घर म्हणजे एक टाका, ही युक्ति त्या कागदांनीं सर्वत्र रुजविली. १८८६ सालीं तेरेझ द दिलमाँ ह्या ऑस्ट्रियांत जन्मलेल्या विदुषीनें स्त्रियांच्या हस्तकामाचा एक कोशच प्रसिद्ध केला. त्याचीं अनेक भाषांत भाषांतरें झालीं, आणि आजही तो ग्रंथ चाळला जातो.

परंतु हा टाका परदेशांतून आला, तेव्हां आपला नव्हे, असें मात्र कोणी समजूं नये. धारवाड-हुबळीकडील कशिदा, ज्यास कानडींत ‘कसुती’ म्हणतात, त्यांत चार टाके मुख्य: गवंती, मुरगी, नेगी आणि मेंथी. ह्यांतील मेंथी म्हणजे फुलीचाच टाका. मेथीच्या दाण्यांवरून त्यास तें नांव पडलें. कापडावर आधीं नक्षी न रेखाटतां, केवळ सूत मोजून, रथ, हत्ती, गोपुर, समया आणि तुळशीवृंदावन भरावयाचें, अशी ही कला. गवंती व मुरगी हे टाके तर असे, कीं कापडाची उलटी बाजू सुलटीसारखीच दिसावी. गांठ कोठेंही असतां कामा नये. इरकली लुगडें आपल्या दक्षिणेकडील जिल्ह्यांत पिढ्यानुपिढ्या नेसलें जाई, आणि ज्या घरांतील सुनेचें माहेर कृष्णेपलीकडचें असे, त्या घरांत कशिद्याची चंद्रकळाही येई. तेव्हां सूत मोजून भरण्याची विद्या आपल्या उंबरठ्यापाशीं होतीच. मिशनच्या शाळांतून व पुढें आपल्या मुलींच्या शाळांतून दोसुती आणि रंगीत नमुन्यांचीं पुस्तकें आलीं, त्यांनीं तिला नवें रूप दिलें एवढेंच.

आतां ह्या कलेची दुसरी बाजू सांगितली पाहिजे. कारण ती लपवून केवळ गोडवे गाणें अप्रामाणिकपणाचें होईल. सुई ही स्त्रीजातीस नेहमींच आवडीनें हातीं घेतां आलेली नाहीं. पुष्कळदां ती तिच्या हातीं देण्यांत आली. इंग्लंडांत शिवण हें गरीब मुलींस चाकरीकरितां तयार करण्याचें साधन होतें. वर सांगितलेल्या संग्रहालयांतच १८३० च्या सुमाराचा एक नमुना आहे. ससेक्समधील एलिझाबेथ पार्कर नांवाच्या मुलीनें पांढऱ्या तागाच्या कापडावर तांबड्या रेशमानें, बारीक फुल्याफुल्यांनीं, आपली सारी कर्मकहाणी त्यावर भरली आहे. त्यावर फूल नाहीं, पक्षी नाहीं, नुसतीं अक्षरें. चाकरीच्या घरीं सोसलेला छळ, मनांत आलेले जीव देण्याचे विचार आणि त्यांतून झालेला पश्चात्ताप, हें सारें सांगतां सांगतां शेवटचें वाक्य अर्ध्यावरच तुटतें. कागदावर जें सांगवलें नाहीं, तें तिनें सुईनें सांगितलें. सुदैवानें तिचें आयुष्य तेथें तुटलें नाहीं. पुढें तिनें शिक्षिकेचें काम केलें, आणि ती पाऊणशें वर्षें जगली.

आपल्याकडील चित्र इतकें करुण नसेल. पण तें अगदीं निर्दोषही नव्हतें. मुलगी दाखवावयाच्या वेळीं ‘भरतकाम येतें काय?’ हा प्रश्न ठरलेला असे. रुखवतांत मांडलेल्या उशांचे अभ्रे, टेबलावरचें आच्छादन, पाटावरचें आसन, हें सारें वधूनें स्वतः केलें आहे असें सांगतांना आईचा ऊर भरून येई खरा. परंतु तें करतांना त्या मुलीस किती रात्री जागाव्या लागल्या, हें कोणी विचारीत नसे. लग्न झाल्यावर तीच सुई पेटीच्या तळाशीं जाई; कारण परीक्षा संपलेली असे, आणि फुरसत तर मुळींच उरत नसे. अर्थात् सुईची दुसरीही एक कहाणी आहे, ती विसरूं नये. पुण्याच्या सेवासदनांत (स्थापना १९०९) रमाबाई रानडे ह्यांनीं शिवणकामास स्थान दिलें, तें अनेक निराधार स्त्रियांस स्वतःच्या पायांवर उभें करण्यासाठीं. तेथें सुई पोटाची भाकर झाली. परंतु पोटासाठीं असो वा परीक्षेसाठीं असो, दोन्हीकडे ती काम होती, विसावा नव्हती. म्हणून शिकलेल्या मुलींनीं पुढें सुई खालीं ठेवून पुस्तक हातीं घेतलें, ह्यांत त्यांचें कांहींएक चुकलें नाहीं. आज त्यांच्या नाती ती पुन्हां उचलीत आहेत, ती कोणी सांगितलें म्हणून नव्हे. टाका तोच आहे. बदलली आहे ती उचलण्याची मोकळीक. आणि विश्रांतीचें बीज आमच्या मतें ह्या मोकळिकींत आहे.

मोकळीक नसलेल्या जागींही हा टाका माणसास केवढा आधार देतो, ह्याचें एक उदाहरण सांगण्यासारखें आहे, आणि तें एका पुरुषाचें आहे. ब्रिटिश सैन्यांतील मेजर अलेक्सिस कॅसडॅग्ली हे १९४१ सालीं क्रीट बेटावर जर्मनांच्या हातीं सांपडले. कैदेच्या छावणींत दिवस जातां जात नसे. एका सोबत्यानें दिलेला जाड कापडाचा तुकडा आणि एका वृद्ध क्रीटन सेनापतीच्या विरलेल्या स्वेटरचे उसवलेले धागे घेऊन त्यांनीं फुल्या भरावयास आरंभ केला. डिसेंबर १९४१ ची तारीख त्या कामावर आहे. जर्मन अधिकाऱ्यांस तें इतकें आवडलें, कीं त्यांनीं तें निरनिराळ्या छावण्यांत मांडून दाखविलें. कडेनें काढलेल्या ठिपक्यांच्या व रेघांच्या नक्षींत तारेच्या सांकेतिक लिपींत दोन वाक्यें दडलेलीं आहेत, हें मात्र त्यांच्यापैकीं कोणाच्याही ध्यानांत आलें नाहीं. एका वाक्यांत इंग्लंडच्या राजाच्या रक्षणाची प्रार्थना होती, आणि दुसऱ्यांत हिटलरला उद्देशून एक शेलकी शिवी! मेजरसाहेब सुटून घरीं परतल्यावरही भरीत राहिले, आणि मुलासही त्यांनीं तो नाद लावला.

ह्या टाक्यानें मनास स्वस्थता कां लाभते, ह्याचीं कारणें गूढ नाहींत. हात एकाच लयींत चालतो. डोळा लहानशा चौकोनावर स्थिर असतो. मन मोजण्यांत गुंतलेलें असतें, पण थकत नाहीं. फार सोपें काम असेल तर मन भटकतें, फार अवघड असेल तर चिडतें. मधल्या पायरीवरचें काम त्यास रमवितें. हंगेरियन वंशाचे मानसशास्त्रज्ञ मिहाय चिक्सेंटमिहाय ह्यांनीं अशा तन्मयतेचा दीर्घ अभ्यास केला आणि १९७५ पासून त्यावर ग्रंथ लिहिले. २०१३ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका पाहणींत विणकाम करणाऱ्या साडेतीन हजारांहून अधिक लोकांनीं उत्तरें पाठविलीं. जे अधिक वेळां विणीत, त्यांनीं आपणांस अधिक शांत व आनंदी वाटतें असें सांगितलें. २०१६ सालीं फिलाडेल्फिया येथील ड्रेक्सेल विद्यापीठांत ३९ प्रौढांस पाऊण तास चित्रें काढणें, माती घडविणें असें काम दिलें. त्यांतील सुमारें तीनचतुर्थांश लोकांच्या लाळेंत कॉर्टिसॉल हें ताणाशीं निगडित द्रव्य कमी आढळलें. ह्यांतील एकही प्रयोग फुलीच्या टाक्यावर झालेला नाहीं, आणि पाहणींत उत्तरें देणारे मुळांतच विणकामाचे भोक्ते होते, हें लक्षांत ठेवलें पाहिजे. टाका हें औषध नव्हे. ज्याचें मन खरोखर आजारी आहे, त्यानें वैद्याकडेच जावें. परंतु दिवसभराच्या दगदगीनें शिणलेल्या मनास अर्धा तास एका जागीं बसविण्यास ह्याहून स्वस्त व निरुपद्रवी साधन क्वचितच सांपडेल.

आतां कृतीकडे वळूं. कापड दोसुती अथवा ‘आयडा’ नांवाचें घ्यावें. हें दुसरें कापड एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जर्मनींतील एका कारखान्यानें प्रचारांत आणलें. त्यांतील घरें स्पष्ट दिसतात. इंचास अकरा किंवा चौदा घरें असलेलें कापड नवशिक्यास योग्य. सुई बोथट टोकाची हवी, म्हणजे ती सुतांत न घुसतां भोंकांतून जाते, आणि बोटही टोंचत नाहीं. सुती धाग्याच्या लडींत सहा पदर असतात. त्यांतील दोन वेगळे काढून चौदा घरांच्या कापडास वापरावे, अकरा घरांच्या कापडास तीन. धागा हातभरापेक्षां लांब घेऊं नये. लांब धागा गुंततो व त्याचा तजेला जातो. कापडाची चौघडी करून मध्य काढावा व तेथूनच आरंभ करावा, म्हणजे चित्र एका बाजूस सरकत नाहीं. गांठ मारूं नये. धाग्याचें शेंपूट मागील बाजूस चार टाक्यांखालीं दाबून टाकावें. आणि सर्वांत महत्त्वाचें, प्रत्येक फुलीचा वरचा तिरपा टाका एकाच दिशेस असावा. हा एक नियम पाळला, कीं प्रकाश सर्व फुल्यांवर सारखा पडतो व काम रेशमासारखें चमकतें.

चित्र किती मोठें घ्यावें, ह्याचा हिशेब आधीं करावा. सत्तर फुल्या रुंद व अठ्ठ्याण्णव फुल्या उंच असा नमुना चौदा घरांच्या कापडावर पांच इंच रुंद व सात इंच उंच होईल. सर्व घरें भरावयाचीं असल्यास टाके होतील ६,८६०. ताशीं शंभर टाके धरले आणि रोज अर्धाच तास दिला, तर एकशें सदतीस-अडतीस दिवस लागतील. म्हणजे गणेशचतुर्थीस आरंभ केल्यास तें संक्रांतीनंतर हातावेगळें होईल. ह्यानें कोणीं दचकूं नये. ज्यांस एवढा धीर नसेल, त्यांनीं रुमालाच्या कोपऱ्यांत एक तुळशीवृंदावन किंवा मुलाच्या दप्तरावर त्याचें आद्याक्षर, एवढ्यानेंच आरंभ करावा. चौकटीभोंवतीं दोनतीन इंच कापड सोडावें. काम संपल्यावर रोज कडें काढून ठेवावें, नाहींतर त्याचा वळ उठतो. पूर्ण झालेलें काम सौम्य साबणाच्या पाण्यांत धुवावें, पिळूं नये, आणि पालथें घालून जाड पंचावर इस्त्री करावी.

डोळ्यांची काळजी मात्र अवश्य घ्यावी. उजव्या हातानें भरणाऱ्यानें उजेड डावीकडून येईल असें बसावें, म्हणजे हाताची सावली कामावर पडत नाहीं. दर वीस मिनिटांनीं मान वर करून अंगणांतल्या किंवा रस्त्यापलीकडच्या झाडाकडे पाहावें. चाळिशी उलटल्यावर जवळचें अंधुक दिसूं लागतें. तेव्हां चाळशी लावण्यास संकोच करूं नये. वाचनास चाळशी चालते, तर भरण्यास कां चालूं नये?

राहतां राहिला प्रश्न घराचा. एकत्र कुटुंबांत कोणास फुरसत मिळते, हें नीट पाहिलें तर असें दिसेल, कीं पुरुषाची वर्तमानपत्राची घटका सर्वांस मान्य असते, मुलांची खेळाची वेळ सर्वांस ठाऊक असते; पण घरांतील स्त्री हातांत कांहीं न घेतां बसली, तर ती रिकामी दिसते. तिच्या हातांत भरतकाम असेल, तर ती कामांत आहे असें समजून तिला कोणी उठवीत नाहीं, हा त्या कापडाचा एक जुना व गुप्त उपयोग आहे. कित्येक सासुरवाशिणींनीं दोसुतीच्या आड आपली अर्ध्या तासाची विश्रांति मिळविली असेल! परंतु आज शिकलेल्या घरांत अशा आडोशाची गरज पडूं नये. तिची ती घटका तिची आहे, हें घरानें उघडपणें मान्य करावें. तेवढ्यांत चहा कोणी मागूं नये, आणि मागणारानें स्वतः करून घ्यावा. तसेंच ‘ह्याचा उपयोग काय?’ व ‘हें विकलें तर किती येतील?’ हे दोन प्रश्न कोणी विचारूं नयेत. छंदास बाजारभाव लावला, कीं त्याचें पुन्हां काम होतें.

आणि हा छंद केवळ स्त्रियांचा आहे, हा समज तर आतां टाकूनच द्यावा. मुलग्यांस आठव्या-नवव्या वर्षीं फुल्या मोजण्यांत गोडी वाटते. त्यांत गणित आहे, धीर आहे, आणि हाताचें कौशल्य आहे. सेवानिवृत्त गृहस्थांस दुपारचा लांबच लांब वेळ खावयास उठतो. त्यांनीं मेजर कॅसडॅग्लींचें उदाहरण डोळ्यांपुढें ठेवावें. आजीबाईंस बारीक घरें दिसत नसतील, तर त्यांच्यासाठीं मोठ्या घरांची दोसुती आणावी. आणि त्यांचें चित्र पुढें नातसुनेनें पुरें केलें, तर त्यांत उणेपणा कसला? एकाच कापडावर तीन पिढ्यांचे टाके शेजारीशेजारीं बसतात, आणि जरा निरखून पाहिल्यास ज्याचा त्याचा हात ओळखूंही येतो.

तेव्हां आमचें वाचकांस एवढेंच सांगणें आहे. येत्या सुटींत माळ्यावरची ट्रंक खालीं काढावी. तींत एखादा अर्धा भरलेला तुकडा निघेल, त्यांत सुई गंजून रुतलेली असेल. सुई टाकून द्यावी, कापड धुऊन घ्यावें, आणि ज्या घरापाशीं तें काम थांबलें असेल, त्याच्या शेजारच्या घरापासून मोजावयास लागावें.